आतला ठोका

हळदीचा पाला कापायला आला त्याच आठवड्यात पंचफुलाच्या टोळीची जीप बंद झाली. जीप तिची नव्हती. जवळा बाजारच्या एका माणसाची होती. तो पहाटे हट्टा गावातून बायांना उचलायचा, कुरुंद्याकडच्या मळ्यांत सोडायचा आणि दिवस मावळला की परत आणायचा. त्यानं जीप विकली आणि लेकाकडं पुण्याला निघून गेला. जाताना साधा निरोपसुद्धा दिला नाही. भाकरीची गठुडी आणि विळे घेऊन बाया पाण्याच्या टाकीखाली उन्हं अंगावर येईपर्यंत बसून राहिल्या आणि मग एकेक करून घरी गेल्या.

पंचफुला शेवटी उठली. टोळी तिची होती. वीस वर्षं ती बायांना कामावर नेत होती. कुणाची कंबर दुखते, कुणाचं लेकरू अंगावर पितं, कुणाला उन्हात चक्कर येते, हे सगळं तिला ठाऊक असायचं. तिनं कुरुंद्याच्या देविदासला फोन लावला. दरसाल त्याची हळद तीच काढायची.

"वावर मी तुमच्यासाठी धरून ठेवतो, बाई," देविदास म्हणाला. "पर गाडीचं तुमचं तुमी बघा. आता गाडीवाल्या टोळ्याच दारात येऊन राहिल्या. मी किती दिस थांबू?"

तिचा लेक धम्मदीप दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक होता. संध्याकाळी त्यानं विषय काढला. "औंढ्याला जलालचाचाच्या आवारात एक जीप उभी हाय. डिझेल. कागद बराबर हायेत. आपणच घेऊ की, माय. तुझी टोळी नेईन अन् दुपारची दुसरी भाडी मारीन. बाबानं एकदा इंजन बघितलं की झालं."

शीतल, त्याची बायको, चुलीपुढून म्हणाली, "माझा बचत गट हाय. अन् शेळ्या हायेतच."

सगळ्यांनी पंचफुलाच्या नवऱ्याकडं, पुंजाजीकडं पाहिलं. पुंजाजी भिंतीला टेकून फवारणीचा पंप खोलून बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि कशाबद्दल चाललंय ते चेहऱ्यांवरून ओळखून मान हलवली.

डिझेल इंजनाच्या बाबतीत पुंजाजीचा शब्द त्या भागात शेवटचा होता. पूर्णाकाठच्या विहिरींवर वीज यायच्या आधी तो आणि औंढ्याचा जलालुद्दीन एका सायकलवर हत्यारांची पिशवी बांधून गावोगाव फिरायचे आणि बंद पडलेली इंजनं चालू करून द्यायचे. जलालुद्दीनचा हात चांगला होता, पुंजाजीचा कान. बांधावर उभा राहूनच तो सांगायचा, नोझल गेलंय, वॉल्व्ह ढिला झालाय, पिष्टन चाटून राहिलंय. खोललं की तेच निघायचं. पुढं कुणी जुना ट्रॅक्टर घेवो की जुनी जीप, आधी पुंजाजीला घेऊन जायचं. तो चहा प्यायचा, इंजन ऐकायचा आणि 'घे' नाहीतर 'न्हाई' एवढंच म्हणायचा.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत कान उतरला होता. जन्म इंजनांच्या आणि मळणी यंत्रांच्या शेजारी गेला, त्याचं ते देणं होतं. उजवा कान गेल्यातच जमा होता. डाव्या कानाला समोरून, तोंड दाखवून बोललेलं कळायचं. विहारात वंदनेला बसला की शेजाऱ्याचे ओठ बघून तो आपले ओठ हलवायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा शीतल मोठ्यानं बोलली तर तिच्यावर खेकसला होता, "मी काय बहिरा हाय का?" तेव्हापासून ती जेवायला हाताच्या खुणेनं बोलवायची. आवाज चढवायचा नाही, एवढं ती शिकली होती.

औंढ्याला जायच्या दिवशी सकाळी पंचफुला त्याला आंघोळीला पाणी काढून देत होती. ती समोर येऊन उभी राहिली.

"मी म्हणते, इंजन जलालभाईलाच बघू द्यावं. तुमी नुसतं संगं राहा."

"त्याच्या आवारातली गाडी त्यानंच बघायची? मंग मी काहून जाऊ?"

"तसं न्हाई. तुमच्या कानाला..."

"काय झालं माझ्या कानाला?"

तिनं बादली खाली ठेवली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "काही न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.

जलालुद्दीन आवारात नव्हता. परभणीला पाहुण्यात मयत झाली होती, तिकडं गेला होता. त्याचा थोरला, साजीद, पुढं आला. जुन्या गाड्यांच्या घेण्यादेण्याचं तो बघायचा, गॅरेज बापाकडं होतं. लहानपणी पुंजाजीच्या खांद्यावर बसून त्यानं औंढ्याची जत्रा पाहिली होती.

"सलाम, काका. या. अब्बा संध्याकाळपर्यंत येतील. थांबता का?"

"त्याच्यासाठी कशाला थांबू? गाडी दाखव."

जीप बाभळीखाली उभी होती. पुंजाजीनं आधी बोनेट उघडायला लावलं आणि इंजनावर पालथा हात ठेवला. गार होतं.

"सकाळधरून चालू केली न्हाई," साजीद म्हणाला. "तुमी येणार म्हणून कुणाला हात लावू दिला न्हाई. थंड इंजनच बघायला पायजे, तुमीच अब्बाला म्हणायचे."

पुंजाजीला ते बरं वाटलं. त्यानं ऑइलची पट्टी ओढली, थेंब अंगठ्यावर घेऊन चोळला. कणी लागली नाही. पण ऑइल नवं होतं, त्यातून फारसं कळण्यासारखं नव्हतं. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात डोकावला. तेलाचा तवंग नव्हता. मग मागं गेला, उकिडवा बसला, सायलेन्सरच्या नळीत बोट घातलं. काजळी कोरडी होती.

"मार," तो धम्मदीपला म्हणाला.

धम्मदीपनं चावी फिरवली. इंजन एका दमात उठलं. पुंजाजी धूर बघत राहिला. आधी जरासा पांढरा, मग काळपट, मग काहीच नाही. निळा नव्हता. पुढं येऊन त्यानं ऑइलचं झाकण उघडलं आणि त्या भोकावर तळहात धरला. फुंकर मंद होती. पिष्टनं शाबूत होती. इथपर्यंत डोळ्यांचं आणि हातांचं काम होतं आणि ते त्यानं नेहमीसारखं बिनचूक केलं.

मग त्यानं साजीदकडून लांब पेचकस मागून घेतला. टोक इंजनाच्या पोटाला लावलं, मूठ डाव्या कानाला. धम्मदीप गाडीत बसून रेस वाढवत-कमी करत होता. घरघर येत होती. तीच घरघर वर जायची, खाली यायची. पूर्वी या घरघरीच्या आत त्याला एकेक पुर्जा वेगळा ऐकू यायचा, घरातली माणसं पावलांवरून ओळखावीत तसा. आता सगळं एकच होतं. त्यानं पेचकस खाली सरकवला. मुठीतून हाताला काहीतरी लागल्यासारखं झालं, एक बारीक धक्का, मग नाही, मग परत एक. कान काहीच सांगेना. हाताचं किती खरं धरायचं, हे त्याला कळेना.

तेवढ्यात साजीद उजव्या बाजूनं वाकला आणि इंजनाकडं बोट करून बोलू लागला. बरंच बोलला. दोन बोटं दाखवली, खाली इंजनाच्या पोटाकडं हात केला. पुंजाजीला त्याच्या ओठांची कड तेवढी दिसत होती. 'काय म्हणला?' एवढं विचारायचं होतं. गाडीच्या काचेतून धम्मदीप त्याच्याकडंच बघत होता.

"व्हय," पुंजाजी म्हणाला. "बराबर हाय."

साजीदनं सुटल्यासारखा श्वास घेतला आणि धम्मदीपला गाडी बंद करायची खूण केली.

"कसं हाय, बाबा?"

"इंजन चांगलं हाय. घे."

साजीद हात पुसत म्हणाला, "काकाला सगळं कळलंय. म्या त्या हिशोबानंच आकडा सांगतो." त्यानं जो आकडा सांगितला तो फोनवर सांगितल्यापेक्षा बराच खाली होता. धम्मदीप बापाकडं बघून हसला. पुंजाजीला वाटलं, पोरानं आपल्या नावाचा मान ठेवला.

जीप घरी आली. शीतलनं चाकांवर पाणी घातलं. गल्लीतल्या पोरांनी बोनेटवर हात फिरवून बघितला. दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीखालच्या बाया जीपमध्ये बसल्या, आणि पंचफुला आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर, लेकाच्या शेजारी.

पुढचे दिवस कामाचे होते. देविदासच्या वावरातला पाला कापून झाला. मग ट्रॅक्टरनं सऱ्या उकलल्या आणि बाया ओळीनं बसून गड्डे वेचू लागल्या. माती झटकायची, हळकुंडं मोडून वेगळी करायची, टोपली भरली की ढिगावर न्यायची. नखांत माती आणि बोटांना पिवळा रंग बसला. दुपारी भाकरी खाताना भाकरीलाही हळदीचा कच्चा वास यायचा. पुंजाजीही रोज जायचा. टोपल्या उचलून द्यायचा, ढिगावर पाला झाकायचा. देविदास त्याला म्हणाला, "तुमच्या गाडीमुळं बाया सात वाजता वावरात असतात. औंदा काम लवकर उरकंल." पुंजाजीनं ते नीट ऐकलं, कारण देविदास समोर उभा राहून बोलला होता.

पहिल्यांदा बोलली ती जिवनबाई. ती मागच्या बाकावर बसायची. वयानं मोठी, कुणाची भीड न धरणारी.

"धम्मदीप, तुझी गाडी सकाळची टकटक काहून करून राहिली? खालून कुणी दार वाजवल्यावाणी."

धम्मदीपनंही ते ऐकलं होतं. सुरुवातीला थोडा वेळ यायचं, गाडी गरम झाली की दबायचं. आता चढाला, भरल्या गाडीत दिवसभर यायला लागलं होतं. त्यानं वावरात बापाला गाठलं. "बाबा, थोडा आवाज येऊन राहिला. ऐकता का जरा?"

पुंजाजी जीपपाशी गेला. बाया भोवती उभ्या होत्या. त्यानं मान तिरकी करून डावा कान पुढं केला, पूर्वी करायचा तशीच. गाडी धडधडत होती. बस, धडधडत होती.

"डिझेल हाय ते," तो म्हणाला. "बोलणारच. पेट्रोलवाणी मुकी राहती व्हय?"

बाया हसल्या. धम्मदीपचा जीव भांड्यात पडला. पंचफुला हसली नाही. ती हातातली टोपली तशीच धरून नवऱ्याकडं बघत राहिली. आवाज तिला स्पष्ट येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता.

चार-पाच दिवसांनी वसमत ओलांडून कुरुंद्याच्या रस्त्याला लागल्यावर, भरल्या जीपमध्ये, इंजनातून कुऱ्हाड दगडावर आपटावी तसा आवाज आला. हा पुंजाजीलाही ऐकू आला. जीप गचका खाऊन थांबली. खाली काळं ऑइल रस्त्यावर पसरत गेलं आणि जळका वास सुटला. बाया भराभर उतरल्या. जिवनबाईचं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलं होतं, तिनं पदर दाबून धरला. बाकी कुणाला लागलं नाही.

पुंजाजी रस्त्यावर पालथा पडून गाडीखाली शिरला. इंजनाच्या कुशीला मूठभर भोक पडलं होतं आणि त्यातून मोडलेल्या कनेक्टिंग रॉडचं टोक बाहेर आलं होतं. तो तसाच पडून राहिला. क्रँकचं बेरिंग गेलं होतं. हे एका दिवसात होत नाही. आधी कितीतरी दिवस आतून ठोका येतो. खाली, पोटात, जड ठोका. नवख्यालाही ओळखू यावा असा.

"काय झालं, बाबा?" धम्मदीप वाकून विचारत होता. तोंड जवळ होतं, त्यामुळं कळलं.

"इंजन गेलं," पुंजाजी म्हणाला.

बाया उरलेला रस्ता चालत गेल्या. पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. त्यांच्या जागी देविदासनं दुसरी टोळी बसवली होती. त्यानं तोंड चुकवलं. "बाई, उकललेली हळद उन्हात पडली व्हती. माझाबी इलाज न्हाई." पंचफुलानं हो म्हटलं. बाया बांधावर बसून पाणी प्यायल्या आणि परत निघाल्या.

धम्मदीपनं जीप ट्रॅक्टरला बांधून थेट औंढ्याला नेली. पुंजाजी गाडीत बसला होता. वाटेत धम्मदीप साजीदला शिव्या देत होता, एवढं त्याच्या मानेवरून कळत होतं. पुंजाजीला मात्र सारखं ते दिसत होतं, वाकलेला साजीद, त्याची दोन बोटं, ओठांची कड. ती दोन बोटं कशाची होती?

या वेळी जलालुद्दीन आवारात होता. त्यानं भोक बघितलं आणि हात फडक्याला पुसले. शेजारच्या टायरच्या दुकानातली माणसं जमली.

"चाचा, तुमच्या आवारात असं व्हावं?" धम्मदीपचा आवाज फाटला होता. "चौदा बाया व्हत्या गाडीत. आमच्या बाबाचं अन् तुमचं जन्माचं नातं, अन् तुमच्या पोरानं आमच्या गळ्यात मेलेलं इंजन बांधलं."

साजीद आतून येऊन पुंजाजीच्या समोरच उभा राहिला. "म्या बांधलं न्हाई. म्या काकाला सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं व्हतं?"

"गाडी चालू असताना, इथं बोनेटपाशी. म्हणलो, काका, थंड असताना खालून ठोका येतो, दोन नंबरचं बेरिंग गेलंय. आधी इंजन उतरवा, बेरिंगं बदला, मंगच माणसं भरा. काका म्हणले, व्हय, बराबर हाय. म्हणून तर म्या आकडा उतरवला. न्हाईतर काहून उतरवला असता?"

जलालुद्दीन पुंजाजीच्या समोर येऊन उभा राहिला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. जुन्या सवयीनं तो नेहमी तोंडासमोर बोलायचा, त्यामुळं त्याचा शब्द पुंजाजीला कधी चुकला नव्हता.

"पुंजाजी. पोरगं म्हणतं ते खरं हाय का? तुला सांगितलं त्यानं?"

दोन बोटं म्हणजे दोन नंबर. धम्मदीप त्याच्याकडं बघत होता. टायरवाला बघत होता. 'सांगितलं असंल, मला ऐकू आलं न्हाई.' एवढंच बोलायचं होतं. पण ते बोललं की मागचं सगळंच बोलावं लागणार होतं. पेचकस कानाला लावून उभा राहिलेला तो बहिरा माणूस सगळ्यांना दिसणार होता, आणि वावरात बायांसमोर मान तिरकी केलेलाही.

"न्हाई," तो म्हणाला. "मला कायबी सांगितलं न्हाई."

"काका," साजीद म्हणाला. एवढंच म्हणाला.

जलालुद्दीननं पोराच्या तोंडात मारली. जोरात नाही. म्हाताऱ्या हाताची होती. "चाळीस साल," तो म्हणाला. "चाळीस सालांत हा माणूस माझ्याशी एक शब्द खोटा बोलला न्हाई. अन् तू त्याच्यावर घालतो? आजपासून या आवारात तुझा सौदा बंद. ह्यांची गाडी वापस घे, अन् सगळी रक्कम दे. माफी माग."

साजीदनं माफी मागितली नाही. आतून पैसे आणून त्यानं बापाच्या हातात दिले, पुंजाजीकडं एकदा पाहिलं आणि गेटाबाहेर निघून गेला. त्या नजरेत राग असता तर पुंजाजीला बरं वाटलं असतं. पोराला काही समजतच नव्हतं, तसं ते बघणं होतं.

बसनं परतताना धम्मदीप बापाच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "तुमची पारख चुकणार न्हाई, बाबा. त्यानंच ऑइलात कायतरी घालून आवाज दाबला असंल." पुंजाजी खिडकीबाहेर बघत राहिला.

हंगाम हातचा गेला होता. बाया पांगल्या. कुणी जवळच्या वावरात हजेरीनं गेली, कुणी दुसऱ्या टोळीत. पंचफुला आणि पुंजाजी गावातल्याच एका मळ्यावर हळद पॉलिशच्या कामाला लागले. वाळलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये भरायची, ड्रम फिरवायचा, पिवळी धूळ नाकातोंडात घ्यायची. धम्मदीपनं परत आलेल्या पैशांतून वसमतला दुसरी जीप बघितली. इंजन तिथल्याच एका मिस्तरीकडून तपासून घेतलं. निघताना त्यानं बापाला 'चला' म्हटलं नाही, आणि का म्हटलं नाही तेही सांगितलं नाही.

एक दिवस ड्रम थांबवून दोघं सावलीत बसले होते. पंचफुलाच्या पापण्यांवरसुद्धा हळद बसली होती. ती त्याच्या समोर सरकून बसली.

"त्या पोरानं तुमाला सांगितलं व्हतं ना?"

पुंजाजीनं मातीत बोट फिरवलं. "बोलत व्हता. काय बोलला ते ऐकू आलं न्हाई."

"अन् तुमी व्हय म्हणला."

"व्हय म्हणलो."

तिनं हातावरची हळद झटकली. मग म्हणाली, "म्या पहिल्या दिवशीच ठोका ऐकला. रोज ऐकला. चौदा बाया माझ्या भरवशावर बसायच्या अन् म्या पुढच्या सीटवर गप बसले. म्हणलं, चारचौघांत बोलले तर यांची मान खाली जाईल." तिनं पदरानं डोळे पुसले. पदर पिवळा होता, डोळे आणखी चुरचुरले. "जावा औंढ्याला. सांगून या."

"जातो," तो म्हणाला.

पण तो गेला नाही. आधी पॉलिशचं काम संपू दे म्हणाला. मग सोयाबीनची पेरणी आली. मग निंदणी. दर खेपेला त्याच्याजवळ काम होतं. मधल्या काळात गावात कुणाकडून तरी कळलं, साजीद भिवंडीला गेला, गोदामात हमाली करतो. बायको-लेकरं सासुरवाडीला. पंचफुलानं हे नवऱ्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्याला नीट ऐकू आलं होतं.

सोयाबीन कापणीला आली तेव्हा तो गेला. आवारात बाभळीखाली एकही गाडी नव्हती. जमिनीवर ऑइलचे जुने डाग तेवढे होते. जलालुद्दीन एका ट्रॅक्टरचं इंजन उघडून एकटाच काम करत होता. त्याची दाढी पार पांढरी झाली होती. पुंजाजीला बघून तो उठला, आत हाक मारली, आणि बिलकीसभाभी दोन कप चहा ठेवून गेली. पुंजाजीनं कपाला हात लावला नाही.

"जलालभाई, साजीदनं सांगितलं व्हतं. पोरगं खोटं बोललं न्हाई. मला ऐकू येत न्हाई. दोन-तीन साल झाले. त्यानं सांगितलं अन् म्या नुसतीच मान हलवली. अन् मंग तू विचारलं तवा..."

जलालुद्दीन त्याच्याकडं बघत राहिला. मग हळूहळू खाली बसला. त्याचे हात मांडीवर पडले, ग्रीसनं माखलेले, उताणे.

"म्या मारलं त्याला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"व्हय."

"तुला ऐकू येत न्हाई, हे तू मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो का रे?"

जलालुद्दीननं खिशातून मोबाइल काढला, एक नंबर लावला, कानाला धरून वाट बघितली. एकदम त्याचा चेहरा हलला. तो काहीतरी भराभर बोलला आणि फोन पुंजाजीच्या हातात दिला. तोंड जवळ आणून म्हणाला, "साजीद हाय. तूच सांग."

पुंजाजीनं फोन डाव्या कानाला घट्ट दाबला. कानात नुसती फुसफुस होती. तो बोलू लागला. "साजीद, मी पुंजाजी. बाबा, तू सांगितलं व्हतं. मी बहिरा झालो, म्हणून ऐकलं न्हाई. अन् मी तुझ्या बापासमोर खोटं बोललो. चूक माझी हाय, तुझी न्हाई. तू घरी ये. मी औंढ्यात, हट्ट्यात, तू म्हणशील तिथं उभा राहून सांगतो." त्यानं एवढं एका दमात, मोठमोठ्यानं सांगितलं. टायरवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. पुंजाजीला आता त्याचं काही वाटत नव्हतं. बोलून झाल्यावर तो थांबला. फोनमधून काही येतंय का ते कळेना. शेवटी त्यानं तो जलालुद्दीनपुढं धरला.

"बघ बरं, काय म्हणून राहिला."

जलालुद्दीननं फोन घेतला नाही. "बंद हाय तो," तो म्हणाला. "तू नाव सांगितलं तवाच ठेवला त्यानं. तुटल्याचा आवाज मला इथवर आला."

"मंग परत लाव."

"आता न्हाई उचलणार." जलालुद्दीन गुडघ्यावर हात टेकून उठला. "गेल्यापासून माझाबी उचलत नव्हता. आज पहिल्यांदा उचलला व्हता."

त्यानं फोन पुंजाजीच्या हातातून घेऊन खिशात ठेवला आणि ट्रॅक्टरकडं वळला. थोड्या वेळानं इंजन चालू करून वाकला आणि आतला आवाज ऐकू लागला. पुंजाजी शेजारीच उभा होता. ऐक म्हणून जलालुद्दीननं त्याला बोलावलं नाही. चहा निवून गेला होता. पुंजाजी गेटाकडं निघाला आणि बसची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा राहिला.